दिवाळीनंतर मूल कोणाजवळ राहतं? ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांविषयी

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शिरूर कासार तालुक्यातल्या तुमच्या शाळेतली जवळजवळ निम्मी मुलं दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत येतात, तोवर वाचायचंसुद्धा विसरलेली असतात. शिक्षकांमध्ये बोललं जातं की या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही, आई-बाप अडाणी, मग मूल पुढं जाणार कसं? यात तथ्य किती, घरच्या परिस्थितीचा मुलाच्या वाढीवर नेमका कसा परिणाम होतो आणि पालकांकडून काय मागावं, असं तुम्ही विचारलं आहे.

बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत हंगामी वसतिगृहं आणि शाळा यांच्याबरोबर मी बरीच वर्षं काम करते. माझं उत्तर सरळ आहे. आस्था नसलेले पालक मला फार थोडे भेटले. ‘आमचं झालं ते झालं, पोरांच्या हातात कोयता नको,’ हे वाक्य प्रत्येक तळावर, म्हणजे टोळ्या हंगामात मुक्काम करतात तिथं, ऐकायला मिळतं आणि ते मनापासून असतं. आई-वडील किती शिकले यावरून या मुलांचं भविष्य ओळखता येतं, असंही मला दिसलेलं नाही. एकाच टोळीतल्या, सारख्याच अडाणी म्हटल्या जाणाऱ्या दोन घरांतली एक मुलगी नर्सिंगला जाते आणि दुसरीचं पंधराव्या वर्षी लग्न लागतं. फरक कुठं पडतो, तर हंगामाचे पाच-सहा महिने त्या मुलाच्या वाट्याला रोज कोणतं मोठं माणूस येतं इथं. ज्या घराला हे माणूस नेमता आलं, तिथलं मूल टिकतं. ज्या घराला ते जमलं नाही, तिथलं मूल कितीही हुशार असो, गळतं.

हे नेमणं कसं होतं ते आधी बघू, कारण शाळेला ते कळतच नाही. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली की घराचे हात बांधले जातात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून पैसे घेताना जोडी मोजली जाते, नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे आई घरी थांबण्याचा पर्याय उचल घेतल्याच्या दिवशीच संपतो. पैसे बहुतेक वेळा आधीच खर्च झालेले असतात : लग्न, आजारपण, विहीर, मागच्या हंगामाची उरलेली फेड. एक दिवस खाडा पडला तरी तो जोडीच्या हिशेबातून कापला जातो. या चौकटीत आई-वडिलांकडे मुलांपुरता एकच निर्णय उरतो : कोणाला न्यायचं आणि कोणाला ठेवायचं.

तो निर्णय साधारण असा होतो. अंगावर पिणारं बाळ आईबरोबर जातं, त्याला पर्याय नसतो. बाळाला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण जाते. बारा वर्षांचा मुलगा आजीजवळ राहतो, कारण तो ‘शाळेत चांगला’ आहे. चौदा-पंधराचा असेल तर तो वडिलांच्या मागं मोळ्या बांधायला जातो. म्हणजे एकाच घरातल्या चार मुलांचं बालपण चार तऱ्हेचं होतं. तुम्ही हजेरीवर ‘स्थलांतरित’ असा एकच शेरा मारता, पण त्या शेऱ्याखाली चार वेगळी मुलं आणि चार वेगळे प्रश्न असतात. शाळेनं पहिल्यांदा हे घराघरानं समजून घ्यायला हवं.

तळावर वाढणाऱ्या लहान मुलांपासून सुरुवात करते. नवं शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते. ही वाढ पोटभर खाण्यानं होते, झोपेनं होते, आणि मोठ्या माणसानं मुलाशी बोलल्यानं होते. आता कोपीतला, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीतला, दिवस डोळ्यांसमोर आणा. आई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते, अंधारात उसाच्या फडात पोचते. बाळ पाचटावर चादर टाकून निजवलेलं. थंडी, धूळ, पाचटातले विंचू-साप, मागं-पुढं होणारे ट्रॅक्टर. दुपारी माणसं परततात, पण ट्रक टोळी असेल तर रात्री कधीही गाडी भरायला उठावं लागतं. एवढ्या दमलेल्या आईच्या तोंडून मुलाकडे जातात ते हुकूम : इकडं ये, तिकडं नको, गप बस. तिला बोलायची आवड नाही असं नाही. गावाकडं, पावसाळ्यात, तीच बाई ओव्या म्हणते, पोराला मांडीवर घेऊन चिऊकाऊ सांगते. तळावर तिच्या अंगात तेवढा जीव उरत नाही.

पण तळावरचं बालपण केवळ उणिवांचं असतं असं धरून चालू नका. तिथं भावकीची, एकाच गावची माणसं शेजारी असतात. मूल एका कोपीतून दुसऱ्या कोपीत जेवतं, मोठ्या मुलांमध्ये वाढतं, भांडणं सोडवायला शिकतं, जनावरांची कामं शिकतं. पाच वर्षांचं मूल मोळ्या मोजतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला गाडीत किती टन ऊस बसतो, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढीला आज काय भाव मिळाला हे तोंडपाठ असतं. ही मुलं शाळेत गप्प बसतात म्हणून त्यांना काही येत नाही असा समज होतो. पहिलीच्या शिक्षकानं एकदा ‘मोळी’, ‘पेंढी’, ‘खेप’ घेऊन गणितं घालून बघावीत.

या वयात सर्वांत मोठं नुकसान अंगणवाडी तुटल्यानं होतं. गावात पूरक आहार, वजन, लसीकरण सुरू असतं. तळ दुसऱ्या जिल्ह्यात पडला की बहुतेक वेळा सगळं थांबतं, कारण तिथल्या सेविकेच्या यादीत हे मूल नसतं. आता पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमध्ये लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येते. पण निघण्याआधी आईनं गावातल्या सेविकेला ‘आम्ही अमुक कारखान्याला, अमुक गावच्या तळावर जातोय’ असं सांगितलं पाहिजे आणि तिथं पोचल्यावर जवळची अंगणवाडी गाठली पाहिजे. हे कोणी समजावून सांगितलं तर आया करतात.

आता त्या आठ-दहा वर्षांच्या बहिणीविषयी, कारण माझ्या मते तुमच्या शाळेतलं सर्वांत दुर्लक्षित मूल ती आहे. आई फडात असताना बाळाला सांभाळणारी, पाणी भरणारी, चूल पेटवणारी, दुपारच्या भाकरी करणारी तीच. तिचं अंग कामाला तयार होतं, जबाबदारी कळते, लहानग्याचं रडणं भुकेचं आहे की तापाचं हे तिला समजतं. पण या सगळ्यात तिला स्वतःला सांभाळणारं कोणी नसतं. तिच्याशी कोणी गोष्टी बोलत नाही, तिच्याकडून कोणी वाचून घेत नाही. ती परत येते तेव्हा वर्गात मोठी दिसते, वागते मोठी, आणि वाचन दुसरीचं. लाज वाटते, म्हणून मागं बसते. दोन हंगाम असे गेले की ‘हिचं मन शाळेत नाही’ असं आपणच म्हणायला लागतो.

पुढची पायरी लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात ते प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होतं. याला नुसता ‘मागासलेपणा’ म्हणून भागत नाही. वयात आलेली मुलगी तळावर न्यावी तर आडोसा नाही, न्हाणीघर नाही, रात्री-बेरात्री गाड्यांवरची अनोळखी माणसं. गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवावी तरी जीव टांगणीला. आई-वडिलांना लग्न हीच तिची राखण वाटते, आणि लग्न झालं की नवी जोडी म्हणून नवी उचल मिळते. मी या पालकांशी वाद घालते, कठोरपणे घालते, पण त्यांची भीती खोटी आहे असं कधीच म्हणत नाही. मुलीला राहायला सुरक्षित जागा दाखवली की निम्म्या घरांचा सूर बदलतो.

आईच्या प्रकृतीचाही इथं थेट संबंध आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली होती. शस्त्रक्रियेनंतर कंबर धरलेली, थकलेली आई पुन्हा मोळी उचलायला जाते तेव्हा घरातलं जड काम कोणाकडे सरकतं, ते सांगायला नको. एखादी मुलगी अचानक गैरहजर राहायला लागली तर आधी आईच्या तब्येतीची चौकशी करा.

मागं राहिलेल्या मुलांचं वेगळं असतं. आजी-आजोबांजवळ राहिलेलं मूल शाळेत टिकतं, हजेरी बरी असते. पण लहान वयात, तीन ते सहाच्या दरम्यान ठेवलेल्या मुलांमध्ये पहिले काही आठवडे अंथरूण ओलं करणं, न जेवणं, आजीच्या पदराला चिकटून राहणं हे दिसतं. आपल्याला शिक्षा म्हणून मागं टाकलं अशी मुलाची समजूत होते. यात एक गोष्ट आई-वडील प्रेमापोटीच करतात आणि ती मुलाला फार लागते : रडू नये म्हणून पोर झोपेत असताना पहाटे गाडीत बसून निघून जातात. सकाळी उठल्यावर घर रिकामं. पुढं कित्येक दिवस ते मूल झोपायलाच घाबरतं. पालकांना सांगा, जाताना त्याला उठवा, जवळ घ्या, कुठं जातोय आणि परत कधी येणार हे सांगा. रडू द्या. आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परत आल्यावर मूल बुजलं, जवळ आलं नाही, तर ‘आम्हाला विसरलास’ असं म्हणू नका. त्याला थोडे दिवस लागतात.

मोठ्या मुलग्यांना आजी आवरत नाही, हे खरं आहे. तेरा वर्षांचा मुलगा स्वतःच भाकरी करून खातो, संध्याकाळी कुठं बसतो हे कोणाला ठाऊक नसतं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा फार उपयोग होतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या या सोयीत मुलाला गावातच दोन वेळचं जेवण मिळतं, संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं माणूस मिळतं, आणि रात्री ते आजीकडे झोपू शकतं. ही सोय टोळ्या निघायच्या आधी सुरू झाली तरच मुलं थांबतात. उशिरा सुरू झाली तर ती फडात पोचलेली असतात आणि मागं कोणी आणून सोडत नाही. राज्यात २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांची. पाचवीपुढच्या मुलींसाठी तुमच्या तालुक्यात जागा आहे का, याची चौकशी जून-जुलैमध्येच करून ठेवा.

‘मग मूल तळावर गेलंच नाही पाहिजे का?’ असं मला विचारलं जातं. सहाच्या पुढच्या मुलासाठी माझा कल गावात ठेवण्याकडे आहे, पण जवळ भरवशाचं माणूस असेल तरच. दारू पिणाऱ्या चुलत्याकडे ठेवण्यापेक्षा आईच्या कोपीत मूल सुखरूप असतं. अशा वेळी ते तळाजवळच्या शाळेत गेलं पाहिजे. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर भर नियमित शाळेतल्या प्रवेशावर आला. कायद्याचं कलम ४ वयाप्रमाणे वर्ग देतं आणि मागं पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षणाचा हक्क देतं. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कागदावर हे पक्कं आहे. प्रत्यक्षात कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळेत जानेवारीत उगवलेलं मूल तिथल्या शिक्षकाला पाहुणं वाटतं, आणि बेळगाव-बागलकोटकडे तळ पडला तर फळ्यावर कन्नड असतं. बंजारा मुलांच्या बाबतीत घरी गोरमाटी, गावच्या शाळेत मराठी आणि तळावर कन्नड, अशा तीन भाषा होतात. निघताना मुलाबरोबर तुम्ही दिलेलं शिक्षण हमी कार्ड तिथं प्रवेशाला उपयोगी पडतं. कार्डावर नुसती इयत्ता लिहू नका. मूल काय वाचू शकतं, कोणती गणितं येतात, कशाची आवड आहे, हे दोन ओळींत लिहा आणि तुमचा फोन नंबर घाला. तळाजवळच्या शाळेतला बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचं काम बघणारा) शिक्षक शोधून त्याला एक फोन केलात तर कार्डापेक्षाही जास्त काम होतं.

आता पालकांकडून काय मागावं. ‘मुलांचा अभ्यास घ्या’ हे मागू नका. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिला हे सांगणं म्हणजे तू कमी आहेस असं सांगणं, आणि मग ती शाळेची पायरी चढत नाही. जे त्यांना जमतं ते मागा. सभा पोळ्यानंतर घ्या, संध्याकाळी, वस्तीवर जाऊन. दिवाळीच्या तोंडावर सगळं ठरलेलं असतं. सभेत आई आणि वडील दोघंही हवेत, शक्य असेल तर ज्या आजीवर भार पडणार तीही. प्रत्येक घराला एकच विचारा : यंदा या मुलाजवळ कोण थांबणार? नाव घ्यायला लावा. ‘बघू’ म्हणतात तिथं तुमचं काम आहे असं समजा. मुकादम गावातलाच असतो, त्यालाही बोलवा. टोळीतली चार-पाच घरं मिळून एक म्हातारी मावशी तळावर बाळं सांभाळायला नेऊ शकतात, आणि ती गेली तर चार-पाच बहिणी गावात राहू शकतात. मी हे घडताना पाहिलं आहे. टोळीनं थोडे थोडे पैसे काढून त्या मावशीला दिले.

दुसरी मागणी फोनची. बैलगाडीवाला बाप रात्री कारखान्यावर वजनाला नंबर लावून तासन्‌तास थांबलेला असतो. हाच त्याचा मोकळा वेळ. त्याला सांगा, आठच्या आत, पोरगं जागं असताना, तिथून फोन कर. ‘अभ्यास केला का?’ एवढंच विचारून ठेवू नको. आज शाळेत काय झालं, कोणाशी भांडलास, खिचडी कशी होती, हे विचार आणि तुझ्याकडचं सांग. वडिलांनी मुलाशी असं बोलायची आपल्याकडे फारशी सवय नाही, पण दूर राहून बापाला पोराविषयी जी ओढ वाटते ती या बोलण्यातून मुलापर्यंत पोचते. फोन नियमित येतो त्या मुलाचं शाळेत लक्ष लागतं, हे वर्गशिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

तळावर नेलेल्या मुलासाठी मागा ते एवढंच : पाटी-पेन्सिल, गोष्टींची दोन-तीन पुस्तकं, आणि संध्याकाळी चुलीपाशी मुलानं आईला वाचून दाखवायचं. आईला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. तिनं ‘मग पुढं?’ विचारलं की मूल पुढं वाचतं. घरची ओवी, म्हण, कोडं, बंजारा घरात गोरमाटीतलं गाणं, हे सगळं भाषेचंच शिक्षण आहे आणि ते त्यांच्याजवळ भरपूर आहे, असं त्यांना शिक्षकाच्या तोंडून ऐकू द्या. आपल्याजवळ द्यायला काहीच नाही असं मानणारा पालक हळूहळू मुलाचं सगळं शाळेवर सोडून देतो.

पालकांच्या चुका नसतात असं मी म्हणत नाही. उचलीतला मोठा वाटा दारूत घालवणारे बाप आहेत. थकव्याचा राग पोरांवर काढणारी मारहाण आहे. मुलाला आठवडी बाजारातून बूट आणि मुलीला भावाची जुनी चप्पल, हेही आहे. जिथं मुलाला इजा होते आहे तिथं समजूत काढत बसू नका, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर लावा. बालविवाहाची कुणकुण लागली तरी हाच नंबर, आणि ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी कळवा. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी त्याच्यावर आहे.

राहिली तुमच्या वर्गाची गोष्ट. मूल एप्रिलमध्ये परत आलं की त्याला पाचवीच्या पुस्तकाच्या चालू पानावर बसवू नका. जे वाचता येतं तिथून सुरू करा, चौथी-पाचवीची सारख्या पातळीची मुलं एकत्र घ्या, रोज तासभर नुसतं वाचन आणि तोंडी गणित. हंगामात विसरलेलं बहुतेक सगळं नीट बसवलं तर काही आठवड्यांत परत येतं, कारण ते शिकलेलं होतं, फक्त वापरात नव्हतं. उन्हाळी सुट्टी मात्र त्याच वेळी येते आणि घात करते. म्हणून मे महिन्यात वस्तीवर सकाळचा एक वर्ग चालवता आला तर बघा, गावातली बारावी झालेली मुलगी हे काम आनंदानं करते. आणि आल्या दिवशी, ‘काय रे, सगळं विसरून आलास का?’ असं विचारू नका. कोणत्या कारखान्याला होतास, तिथं काय पाहिलंस, हे वर्गापुढं सांगायला लावा. बाळ सांभाळून आलेल्या त्या बहिणीला आधी विचारा.

यंदा पोळा झाला की घरांची यादी करायला घ्या. प्रत्येक मुलापुढं तीन रकाने ठेवा : जाणार की राहणार, जवळ कोण, त्या माणसाचा फोन. वसतिगृहाचा प्रस्ताव ऑगस्टमध्येच समितीच्या ठरावासह पाठवा आणि दर आठवड्याला केंद्रप्रमुखांना आठवण करा. ज्या घरांपुढं ‘जवळ कोण’ हा रकाना रिकामा राहील, त्यांच्याकडे दसऱ्याच्या आत दुसऱ्यांदा जा.